कोर्ट सुटल्यानंतर

(जळगाव जामोद येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाची संहिता)



श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या स्मरणार्थ बोलायचं म्हटलं की वक्ता बहुधा विनोदाकडे वळतो, नाहीतर महाराष्ट्रगीताकडे. ते योग्यच आहे. 'सुदाम्याचे पोहे' १९१० साली पुस्तकरूपानं आलं आणि मराठीत विनोदी लेख स्वतःच्या पायावर उभा राहिला. गडकरी त्यांना गुरू मानत, खांडेकरही मानत. १९२७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हे आपण शाळेत शिकलो आहोत. मी आज त्यांच्या ज्या दोन उद्योगांबद्दल बोलणार आहे, त्यांच्यावर त्यांचं पोट नव्हतं. एक म्हणजे गाण्याच्या चाली, आणि दुसरा म्हणजे आकाशाचं गणित.

पोट वकिलीवर होतं. अकोला, खामगाव आणि आपलं हे जळगाव जामोद या तीन गावी त्यांनी वकिली केली. खामगाव आणि जळगाव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते, त्या साली ते बुलडाण्याला जोडले गेले. तेव्हाचा हा मुलूख डोळ्यांपुढे आणा. खामगाव कापसाच्या बाजाराचं गाव. त्या कापसासाठी जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा १८७० सालीच आला होता. पण विद्यापीठ नव्हतं. विदर्भातलं पहिलं विद्यापीठ नागपूरला निघालं ते १९२३ साली. वेधशाळा असण्याचा प्रश्नच नव्हता. अशा ठिकाणी राहून, दिवसभर दावे, कैफियती आणि तारखा सांभाळून, एका वकिलानं संगीत नाटकाच्या चालींचं वळण बदललं आणि १९१३ साली 'भारतीय ज्योतिर्गणित' नावाचं पुस्तक लिहिलं. आजच्या विषयासाठी, म्हणजे पोटापलीकडच्या छंदासाठी, याहून जवळचं उदाहरण मला सापडलं नाही, आणि शोधायची गरजही वाटली नाही.

आधी गाण्याचं. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली आलं, 'सौभद्र' १८८२ साली. त्यांतल्या पदांना साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत या घराघरांत मुरलेल्या चाली होत्या, कर्नाटकी चाली होत्या, कीर्तनाचा संस्कार होता. १८९६ साली किर्लोस्कर मंडळीनं कोल्हटकरांचं 'वीरतनय' रंगभूमीवर आणलं, तेव्हा प्रेक्षकांच्या कानावर काहीतरी वेगळंच पडलं. पारशी कंपन्यांच्या उर्दू आणि गुजराती नाटकांतल्या उडत्या, चटकदार चाली त्यांनी उचलल्या होत्या आणि त्यांवर मराठी पदं बांधली होती. पुढच्या 'मूकनायक', 'गुप्तमंजूष', 'मतिविकार' या नाटकांतही हा शोध चालू राहिला. कुणाला ते उसनं वाटलं, कुणाला नवं वाटलं. मराठी रंगभूमीचा कान मात्र त्यामुळे रुंदावला, असं माझं मत आहे.

चालीवर पद बांधणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. चाल आधीच ठरलेली असते. तिच्यात कुठे स्वर लांबतो, कुठे तुटतो, सम कुठे येते, हे बदलता येत नाही. लांबलेल्या स्वराखाली दीर्घ अक्षर हवं, तेही शक्यतो 'आ'कारान्त, म्हणजे गायकाचा गळा मोकळा राहतो. समेवर अर्थाचा शब्द यायला हवा, तिथे 'आणि' किंवा 'परी' आला तर पद पांगळं होतं. शिवाय ते पद नाटकातल्या त्या पात्राच्या तोंडी, त्या प्रसंगी शोभलं पाहिजे. मूळ चाल उर्दूतली, म्हणजे तिथल्या शब्दांचे वजन वेगळे, मराठीचे वेगळे. कोल्हटकरांच्या पदांत शब्द कधी कधी ओढूनताणून बसवलेले वाटतात, आणि आज ती पदं फारशी गायली जात नाहीत, हे मी त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो. पण ज्या संध्याकाळी तो माणूस पाटीवर मात्रा मांडून एका उर्दू चालीखाली मराठी अक्षरं बसवत असेल, त्या संध्याकाळी तो किती रमला असेल, याची कल्पना मला करता येते. मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि भजनी मंडळात पेटी वाजवतो. एखादा अभंग नव्या चालीत बसवताना रात्रीचे किती वाजले हे मंडळातल्या कुणालाच कळत नाही.

आता आकाशाचं गणित. हा विषय त्या काळी नुसता अभ्यासाचा नव्हता, भांडणाचाही होता. भांडण पंचांगाचं. तिथी म्हणजे काय, हे आपण रोज बोलतो आणि क्वचितच मांडतो. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी संपते. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार, म्हणून तो कधी झपाट्यानं जातो, कधी रेंगाळतो. त्यामुळे तिथी कधी वीस तासांच्या आसपास आटपते, कधी सव्वीस तासांहून लांबते. म्हणूनच एखाद्या तिथीचा क्षय होतो आणि एखादी दोन सूर्योदय पाहते. हे सगळं जुन्या ग्रंथांत होतंच. अडचण अशी की सूर्यसिद्धान्तातलं वर्ष प्रत्यक्ष नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठं आहे. साडेतीन मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण हजार वर्षांत ती सव्वादोन दिवसांच्या वर जातात.

दुसरी अडचण अयनांशाची. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो, त्यामुळे संपातबिंदू दर वर्षी सुमारे पन्नास विकला मागे सरतो. बहात्तर वर्षांत एक अंश. मग राशिचक्राची सुरुवात नेमकी कोणत्या ताऱ्यापासून धरायची? केरूनाना छत्र्यांचा पक्ष रेवतीतल्या ताऱ्याकडे, व्यंकटेश बापूजी केतकरांचा पक्ष चित्रेकडे. दोघांत फरक सुमारे चार अंशांचा. त्यामुळे आजही टिळक पंचांगात मकर संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि बाकीच्या घरांत १४ किंवा १५ तारखेला. लोकमान्यांनी या प्रश्नात मन घातलं, परिषदा झाल्या, वाद झाले. गावोगावचे वकील, मास्तर, कारकून कागद-पेन्सिल घेऊन ग्रहांची गणितं करत होते. त्यांच्यातलेच एक कोल्हटकर.

या मंडळींकडे नीट पाहा. शंकर बाळकृष्ण दीक्षित मुरूडचे, पेशानं शिक्षक. १८९२ साली त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिलं. सामान्य मराठी वाचकाला रात्रीच्या आकाशाची ओळख करून देणारं असं प्रेमळ पुस्तक त्यापूर्वी नव्हतं. चारच वर्षांनी त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा महाग्रंथ आला, ज्याला पुढे देशभरच्या संशोधकांनी आधार मानलं. केतकरही शिक्षकच. १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावेत असं गणित छापलं. प्लूटो सापडला १९३० साली. केतकरांचं गणित आणि प्लूटो यांचा मेळ किती, यावर वाद घालता येईल, पण शाळेत शिकवून घरी आल्यावर माणसाला नेपच्यूनच्या पलीकडची चिंता वाटावी, ही गोष्टच मला फार मोठी वाटते. १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, ती याच परंपरेतली. हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था ती हीच.

मंडळी, मला जे सांगायचं आहे ते इतकंच. या माणसांचा छंद फावल्या वेळेत होत होता, पण फावल्या मनानं होत नव्हता. त्यांना आनंद मिळाला तो त्या कामाचं अवघडपण त्यांनी टाळलं नाही म्हणून. मात्रा मोजायच्या तर नीट मोजायच्या, विकला मोजायच्या तर नीट मोजायच्या. आपण आज हौस म्हटलं की सूट मागतो. 'हौसेखातर वाजवतो हो, सुराचं काय एवढं!' असं म्हणतो. सुरात वाजवायचं नसेल तर हौस कसली? सूर लागला नाही तर पहिला तोटा आपलाच होतो.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांचं उदाहरण यासाठीच मला जवळचं वाटतं. १९०७ ते १९१७ ही दहा वर्षं ते सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते. कलकत्त्यात असताना कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर ते बहू बाजारच्या विज्ञानसंस्थेत जाऊन प्रयोग करत. आणि प्रयोग कशावर? तारांवर, वाद्यांवर. १९२० साली त्यांनी आणि शिवकाली कुमारांनी आपल्या चर्मवाद्यांवर एक टिपण 'नेचर'मध्ये छापलं. साधं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. पहिला वरचा स्वर दुप्पट यायला हवा, तो येतो साधारण १.६ पट. म्हणून ढोलातून धमक निघते, स्वर निघत नाही. पण तबल्याच्या, मृदंगाच्या पुडीवर मधोमध शाई चढवली की तिच्या वजनामुळे ते वरचे स्वर सरकून पूर्ण पटींच्या जवळ येतात आणि कातडं गाऊ लागतं. पखवाजाला शाईची पुटं घोटून घोटून चढवणाऱ्या आपल्या कारागिरांनी हे कानानं साधलं होतं. रामन यांनी ते गणितात मांडलं. आपल्या मंडळातल्या पखवाजवाल्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी पुडीच्या काठावर आणि मध्ये बोट ठेवून वेगवेगळे आघात करून पाहिले. कोणत्या जागी बोट ठेवलं की कोणता स्वर दबतो, हे ते त्या दिवसापासून नव्यानं ऐकतात. लोकप्रिय विज्ञान वाचायचं ते एवढ्यासाठी.

आपल्याच जिल्ह्यातला आणखी एक वकील. ना. घ. देशपांडे. जन्म १९०९, मेहकर तालुक्यातलं सेंदुरजन, आणि वकिली मेहकरला. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी गायले. जोशीही कायदा शिकलेले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताची सुरुवात त्या तबकडीपासून मानतात. मुंबईत, पुण्यात, जिथे जिथे ग्रामोफोन होता तिथे मेहकरच्या वकिलाचे शब्द पोचले. त्यांचा 'शीळ' नावाचा संग्रह मात्र १९५४ साली आला, आणि 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८६ साली मिळाला. घाई कुठेच नाही. मेहकर सोडून मोठ्या शहरी गेल्याशिवाय काही होणार नाही, असं त्यांना वाटलेलं दिसत नाही. ते मेहकरलाच राहिले. याबद्दल मेहकरकरांना जेवढा अभिमान वाटतो, त्याहून जास्त वाटायला हवा.

मेहकरच्या अलीकडे-पलीकडे जरा फिरलं की लोणार. विज्ञान वाचायची आवड लावायला यापेक्षा चांगली जागा महाराष्ट्रात नाही असं मी बेधडक म्हणतो. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास, तळाशी खारं आणि अल्कधर्मी पाणी. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ते पाहून नोंदवलं, पण पुराणांत आणि 'आईन-ए-अकबरी'त त्याचा उल्लेख त्याच्या कितीतरी आधीचा. हा खड्डा कशानं झाला? दीडशे वर्षं लोक ज्वालामुखी म्हणत राहिले, कारण सगळा परिसरच लाव्हाच्या काळ्या दगडाचा. अमेरिकेच्या गिल्बर्ट या भूवैज्ञानिकानं १८९६ साली ॲरिझोनाच्या विवरावर लिहिताना लोणारची आठवण काढली, आणि दोन्हींना ज्वालामुखीच्याच खात्यात टाकलं. उत्तर मिळालं ते तळाशी बोअर घेतल्यावर. खालून आलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडलं. हे असं काचेसारखं द्रव्य आहे की जे वितळून होत नाही, प्रचंड आघाताच्या दाबाखाली खनिजाच्या स्फटिकाची घडी मोडून होतं. ज्वालामुखीत एवढा दाब येत नाही. तो आकाशातून आलेल्या दगडाच्या धडकेतच येतो. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं.

पण मला त्याहून रंजक वाटतो तो वयाचा वाद. एका पद्धतीनं, तापदीप्तीनं, लोणारचं वय निघालं सुमारे ५२ हजार वर्षं. दुसऱ्या पद्धतीनं, आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून, २०११ साली निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दहापटीहून जास्त फरक! विद्यार्थी हे ऐकून विचारतात, सर, मग परीक्षेत काय लिहायचं? मी सांगतो, दोन्ही लिही, आणि दोन्ही पद्धती काय मोजतात ते लिही. पहिली पद्धत त्या द्रव्याला शेवटची उष्णता लागल्यापासून साठत गेलेली ऊर्जा मोजते, ती मध्येच गळाली तर वय कमी दिसतं. दुसरी दगड वितळल्यापासून त्यात अडकलेला आर्गॉन मोजते. जुन्या दगडातला आर्गॉन पुरता बाहेर पडला नसेल तर वय जास्त दिसतं. विज्ञानाचं पुस्तक ही कादंबरीइतकी खिळवून ठेवणारी गोष्ट कधी होते? जेव्हा शेवट अजून लिहिला गेलेला नसतो तेव्हा. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आपल्या प्रत्येकाच्या फोनवर फोटो आले. आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं की पाणी आटून क्षार वाढले आणि मिठात राहणारे सूक्ष्मजीव बहरले, त्यांच्या रंगद्रव्याचा तो रंग. त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जा मिळाला. फोटो पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी ते कारण वाचलं, हा प्रश्न मी कुणाला दोष द्यायला विचारत नाही. वाचलं असतं तर फोटोचा आनंद दुप्पट झाला असता, एवढंच म्हणतो.

मराठीत वाचायला काही नाही, असं कृपा करून कुणी म्हणू नये. 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासून निघतंय. मराठी विज्ञान परिषद १९६६ सालची. १९७४ साली परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून घेतलेले. जगभर नाव असलेल्या शास्त्रज्ञाला आपली कथा केवळ कथा म्हणून तपासली जावी असं वाटलं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या मागे मराठी वाचकाला जे वाचायचं राहिलं आहे ते पुष्कळ आहे.

आज मुलांच्या वाट्याला विज्ञान येतं ते प्रवेशपरीक्षेच्या पर्यायांतून, आणि गाणं येतं ते टीव्हीवरच्या स्पर्धेतून, जिथे नऊ-दहा वर्षांचं लेकरू बाद झालं म्हणून कॅमेऱ्यापुढे रडतं. मला याचा मनापासून राग येतो. आपल्या गावातल्या भजनी मंडळात कुणीही बाद होत नाही. ज्याला सूर लागत नाही त्याच्या हातात टाळ देतात, आणि दोन-तीन आषाढ्या गेल्या की त्याला सूरही लागतो. शिकवणारा आणि शिकणारा एकाच सतरंजीवर बसतात. श्रोते वेगळे नसतातच. संगीत शिकायची याहून चांगली शाळा मी पाहिलेली नाही. चाळिशी उलटलेल्या बायका-पुरुषांनी पेटीला हात लावायला का लाजावं? काळी दोन की पांढरी चार, एवढं ठरवायचं आणि बसायचं.

एक गोष्ट आपल्या तालुक्यातलीच, म्हणून जरा जपून सांगतो. भेंडवळची घटमांडणी. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, अठरा प्रकारची धान्यं गोलाकार ठेवतात, मधे पाण्याची घागर, पापड, कुरडया. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पाहून पाऊस कसा, पीकपाणी कसं, हे सांगतात. शेकडो वर्षांची रीत आहे आणि लांबून लांबून शेतकरी ऐकायला येतात. त्या गर्दीत मी उभा राहिलो आहे. तिथल्या माणसांची मातीशी असलेली ओढ खरी आहे, तिच्याशी मला भांडायचं नाही. पण विज्ञान वाचणाऱ्याला एक काम तिथे करता येतं. जे सांगितलं ते त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहायचं: जून कसा, जुलै कसा, कापूस कसा, तूर कशी. मग आपल्या अंगणात सरळ उभ्या बाजूचं भांडं मोकळ्या जागी ठेवायचं, रोज सकाळी एकाच वेळी पट्टीनं पाणी मोजायचं. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. चार महिने. वर्षाच्या शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा. पाच-दहा वर्षांनी आपल्या हातात जे असेल ते ना कुणाचा अपमान असेल ना कुणाची भलामण. ते आपल्या गावचं स्वतःचं ज्ञान असेल. केतकरांनी, दीक्षितांनी पंचांगाशी हेच केलं. परंपरेवर त्यांचं प्रेम होतं, म्हणूनच त्यांनी तिचा आकडा तपासला.

तेव्हा या व्याख्यानमालेच्या संयोजकांकडे मी आज एक मागणी करतो आणि तिच्यात स्वतःचा वेळ घालायला तयार आहे. दर महिन्याला अमावास्येच्या जवळच्या शनिवारी इथेच जमू. पहिला तास गाणं. अभंग, नाट्यपद, भावगीत, ज्याला जे येतं ते. कोल्हटकरांची विसरलेली पदं शोधून त्यांच्या चाली पुन्हा बसवता आल्या तर फारच उत्तम. दुसरा तास वाचन, मोठ्यानं. सुरुवात 'ज्योतिर्विलास'पासून करू, दर वेळी एकच प्रकरण, आणि जिथे समजलं नाही तिथे थांबू. मग गच्चीवर जाऊ. सातपुड्याकडचं आकाश अजून बरंच काळं आहे, अमावास्येला तर वाचलेलं लगेच ताडून पाहता येईल. पावसाळ्यात गच्ची बंद, तेव्हा पर्जन्यमापकाच्या वह्या. वर्षातून एकदा लोणार, खाली उतरून, दगड हातात घेऊन, पण परत ठेवून. नाव नोंदवायची वही दाराशी ठेवली आहे. पेटी मी आणतो. तबला किंवा पखवाज ज्यांच्या घरी असेल त्यांनी जाण्यापूर्वी मला भेटावं, आणि शाळेतल्या ज्या मुलांना पाऊस मोजायचा आहे त्यांनी आपलं अंगण कुठे आहे तेवढं वहीत लिहावं.